नकाशावर मार्ग दुरुस्त केला तरी फोन पुन्हा पुलावरच नेतो, तेव्हा काय तपासायचं

शनिवारी रात्री संगणकावर बसून तुम्ही रविवारच्या सायकल राइडचा मार्ग आखता. उड्डाणपूल टाळता, खालचा रस्ता घेता, गटातल्या सगळ्यांना पाठवता. रविवारी पहाटे फोन नेमका त्याच पुलावर चढायला सांगतो. पुढच्या शनिवारी पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तेच. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या आमच्या छोट्या गटाने हे बरेच महिने सोसलं आणि दर वेळी आम्ही नकाशाला दोष देऊन मोकळे झालो. शेवटी एकेक दुवा सुटा करून तपासला, तेव्हा लक्षात आलं की बहुतेक वेळा नकाशा बरोबरच होता. आम्ही आखलेली रेघ फोनपर्यंत पोचतच नव्हती.

आमचा नेहमीचा मार्ग असा: तलावपाळी, कोर्ट नाका, कळव्याचा खाडीपूल, विटावा, दिघा, मग ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, घणसोली, आणि वाशीहून पाम बीच धरून सीवूड्स. साधारण 25-26 किलोमीटर. गेल्या हिवाळ्यात गटातल्या एक मावशी पहिल्यांदाच इतक्या लांब आल्या होत्या. वय साठीला टेकलेलं, पाय मजबूत, पण रस्ता नवा. तळवलीच्या अलीकडे त्या जराशा मागे राहिल्या. आम्ही खालच्या रस्त्याने पुढे जाऊन थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मावशी येईनात. फोन लावला तर बोलण्यापेक्षा ट्रेलरचा भोंगाच जास्त ऐकू येत होता.

"अगं, फोनमधली बाई सरळ जा म्हणाली म्हणून सरळ आले. मी वर आहे, पुलावर. कठड्याला चिकटून उभी आहे."

आमच्यातले दोघं मागे गेले, पूल सुरू होतो तिथून चालत वर चढले आणि सायकली हातात धरून त्यांना पलीकडे उतरवून आणलं. प्रत्येक अवजड गाडी शेजारून गेली की हातातली सायकल हलायची, असं ते दोघं नंतर सांगत होते. मावशींनी चूक काहीच केली नव्हती. मार्ग मी आखला होता, आणि माझ्या संगणकावर तो खालूनच जात होता.

आधी ठरवा: चूक आखण्यात आहे की पाठवण्यात?

हे दोन निराळे आजार आहेत आणि त्यांचं औषधही निराळं. ओळखायची युक्ती सोपी आहे. संगणकावरच्या आखणीत अडचणीची जागा मोठी करून तिचा फोटो काढा. मग फोनवर नेव्हिगेशन सुरू व्हायच्या आधी जी रेघ दिसते तीच जागा तेवढीच मोठी करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. एकूण अंतरही ताडून पाहा. संगणकावर 25.6 किलोमीटर आणि फोनवर 25.1 असेल, तर फोनने तुमची रेघ वापरलेलीच नाही, स्वतःची नवीन काढली आहे. दोन्हीकडे आकडा तोच आणि रेघही तीच, तरी फोन पुलावर नेत असेल, तर आखणीतच गफलत आहे.

आमच्याकडे बहुतेक वेळा पहिला प्रकार निघाला, म्हणून त्यावर आधी बोलते.

रेघ पोचत नाही ती का

पहिलं कारण लिंक. गुगल मॅप्सवर तुम्ही निळी रेघ बोटाने किंवा माउसने ओढून खालच्या रस्त्यावर आणली आणि लिंक पाठवली, तर समोरच्याच्या फोनमध्ये भरवशाने पोचतात ती सुरुवात, शेवट आणि मधे नावानिशी टाकलेले थांबे. ओढून वाकवलेला भाग तसाच पोचेल याची खात्री नाही. फोन त्या थांब्यांच्या मधला रस्ता आपल्या हिशेबाने पुन्हा काढतो, आणि त्याच्या हिशेबात पूल म्हणजे कमी वेळ. म्हणून लिंकच पाठवायची असेल तर रेघ ओढू नका, पुलाखालच्या रस्त्यावर खरा थांबा टाका. सुरुवात धरून एकूण दहा ठिकाणं बसतात, त्यामुळे ती अडचणीच्या जागांसाठीच राखून ठेवा.

दुसरं कारण फाइलचा प्रकार, आणि हे माझ्या लक्षात यायला सगळ्यात उशीर लागला. जीपीएक्स फाइल (मार्गाचे बिंदू साठवणारी फाइल) पाठवली की काम झालं असं मी धरून चालले होते. पण जीपीएक्समध्ये दोन निराळ्या गोष्टी असू शकतात. ‘ट्रॅक’ म्हणजे पूर्ण रेघ, दर काही मीटरवर एक बिंदू. ‘रूट’ म्हणजे मोजकेच बिंदू, ज्यांच्यामधली वाट उघडणाऱ्या अ‍ॅपने स्वतः शोधायची. तुम्ही ‘रूट’ पाठवलात तर पुन्हा तेच होतं: अ‍ॅप आपल्या डोक्याने वाट काढतं.

तपासायचं कसं? फाइल संगणकावर नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी अक्षरांचीच फाइल असते, घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येक ओळीत अक्षांश-रेखांश दिसतील. ठाण्याच्या आसपास अक्षांश 19 ने आणि रेखांश 72 किंवा 73 ने सुरू होतात. त्या आकड्यांच्या आधी ‘टीआरकेपीटी’ अशी रोमन अक्षरं असतील तर तो ट्रॅक, ‘आरटीईपीटी’ असतील तर रूट. माझ्या पहिल्या फाइलमध्ये अख्ख्या प्रवासाला अकरा ओळी होत्या. तिथेच उलगडा झाला. फाइल उतरवताना पर्याय विचारला तर नेहमी ट्रॅक निवडा. 25 किलोमीटरच्या ट्रॅकमध्ये शेकड्याने बिंदू असतात. ओळी बोटांवर मोजता आल्या तर समजा काहीतरी चुकलं.

तिसरं कारण, ट्रॅक बरोबर असूनही उघडणारं अ‍ॅप आगाऊपणा करतं. ओएसएमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ट्रॅकवरून नेव्हिगेशन सुरू करताना रेघ रस्त्यांना जोडून घेण्याचा पर्याय असतो. तो बंद ठेवा, म्हणजे रेघ आहे तशी पाळली जाते. सायकलच्या हँडलवर गार्मिनचा एज (सायकलचं जीपीएस यंत्र) लावला असेल तर त्याच्या रूटिंगच्या सेटिंगमध्ये ‘रीकॅल्क्युलेशन’ शोधा आणि ते बंद करा, निदान विचारून करायला सांगा. याचं कारण उड्डाणपुलाशीच जोडलेलं आहे. पुलाखालून जाताना डोक्यावर काँक्रीटचं छप्पर असतं, उपग्रहाचा संकेत क्षीण होतो आणि स्थान वीस-तीस मीटर इकडेतिकडे उडतं. यंत्राला वाटतं तुम्ही वाट सोडलीत. ते लगेच नवी वाट काढतं, आणि तुम्ही वर आहात की खाली हे त्याला सांगता येत नाही. रीकॅल्क्युलेशन बंद असेल तर ते फार तर ‘मार्गाबाहेर’ म्हणून ओरडेल, आणि पूल संपला की गप्प बसेल. नवख्या साथीदाराला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो त्या ओरडण्याला घाबरून मधेच थांबतो.

आखतानाच पिन पुलावर चिकटते तेव्हा

आता दुसरा प्रकार. तुम्ही खालच्या रस्त्यावर पिन ठेवता, पण आखणीचं साधन तिला सर्वात जवळच्या रेघेवर ओढून घेतं. वरून पाहिलं तर पूल आणि त्याखालचा रस्ता एकमेकांवरच असतात. नकाशात पूल वेगळा नोंदलेला असतो, पण पिन चिकटवताना साधन फक्त आडवं अंतर मोजतं, उंची पाहत नाही.

म्हणून पुलाच्या बरोबर खाली पिन ठेवू नका. नकाशा इतका मोठा करा की पुलाचा चढाव आणि शेजारून फुटणारा खालचा रस्ता या दोन सुट्या रेघा दिसतील. घणसोली-तळवली पुलापाशी चढाव सुरू झाल्यावर थोडं पुढे त्या सुट्या होतात. पिन तिथे, खालच्या रस्त्यावर. दुसरी पिन पूल उतरायच्या थोडी आधी, पुन्हा खालच्या रस्त्यावर. दोन पिना पुरतात. महाप्याला उलट प्रकार आहे: तिथे भुयारी मार्ग आहे, आणि आम्हाला वरच्या चौकातून जायचं असतं. पण पिना ठेवायची रीत तीच.

पिन ठेवल्यावर एकदा रेघेवरून नजर फिरवा. पिन चुकून बाजूच्या गल्लीत पडली असेल तर रेघेला छोटी शेपटी फुटते: आत जायचं, दहा मीटरवर वळायचं, परत यायचं. पहाटे अंधारात अशी एक शेपटी दहा जणांना कुणाच्या तरी फाटकापाशी नेऊन उभी करते.

ब्राउटर हे मार्ग आखण्याचं साधन वापरत असाल तर त्यात नकाशावर ‘नो-गो’ भाग आखता येतो, म्हणजे इथून नेऊ नकोस असं सांगता येतं. मला हे साधन फार आवडतं. पण सुरुवातीला मी पुलाच्या मध्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि मार्ग पार शिळफाट्याकडे पळाला, कारण त्या वर्तुळाने पुलाखालचा रस्ताही बंद केला होता. वर्तुळाऐवजी पुलाच्या चढावावर, तो सुटा दिसतो तिथे, एक छोटी आडवी रेघ काढा. तेवढ्याने पूल बंद होतो आणि खालचा रस्ता मोकळा राहतो. ब्राउटर फोनवर ऑफलाइन चालवायचं असेल तर रस्त्यांच्या माहितीची फाइल पाच बाय पाच अंशांच्या चौकोनांत मिळते. ठाणे आणि नवी मुंबई ‘ई70_एन15’ या चौकोनात येतात.

स्ट्राव्हा या अ‍ॅपच्या उष्णता-नकाशावर (कुठल्या रस्त्याने जास्त जण जातात ते रंगाने दाखवणारा नकाशा) जास्त विसंबू नका, हे माझं ठाम मत आहे. तिथे पूल आणि खालचा रस्ता मिळून एकच झळझळीत पट्टा दिसतो. शिवाय तो पट्टा पहाटे साडेपाचला तीसच्या वेगाने जाणाऱ्यांनी रंगवलेला असतो. तो रस्ता त्यांना चालतो म्हणजे मावशींना चालेल असं नाही.

दुभाजकाच्या पलीकडची पिन

अंतर अचानक दोन-चार किलोमीटरने वाढलं की बहुधा हेच असतं. पाम बीचसारख्या रुंद रस्त्यावर दोन्ही दिशांच्या दोन वेगळ्या रेघा असतात. बेलापूरकडे जाताना पिन वाशीकडे येणाऱ्या बाजूला पडली, की साधन बिचारं पुढच्या सिग्नलपर्यंत नेऊन वळवतं, पिनेपर्यंत परत आणतं आणि पुन्हा वळवतं. मोराज सर्कल ते किल्ला जंक्शन या टप्प्यात मी शक्यतो पिनच ठेवत नाही. सरळ रस्ता आहे, साधन आपोआप बरोबर नेतं. ठेवायचीच असेल तर जायच्या दिशेच्या डाव्या कडेला. वळणांच्या यादीत ‘यू-टर्न’ हा शब्द शोधणं ही सगळ्यात झटपट तपासणी आहे.

‘बाइक’ म्हणजे कुठली?

हे लहानसं आहे पण गटात नवीन आलेल्या प्रत्येकाकडून होतं. गुगल मॅप्सवर जे दुचाकीचं चिन्ह आहे ते मोटरसायकलचं. ती सोय डिसेंबर 2017 मध्ये भारतातच पहिल्यांदा आली आणि तिचा हिशेब इंजिनाच्या वेगाचा आहे. कारचं चिन्ह तर आणखी वाईट. उलव्याहून मुंबईकडचा मार्ग मागितलात तर ते 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूवर घालेल. 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हापासून तिथे मोटरसायकलींनाही मनाई आहे, सायकलचा प्रश्नच येत नाही. पनवेलच्या पुढे जाणाऱ्यांनी कळंबोलीला हेच पाहायचं: रेघ द्रुतगती मार्गावर जाते की जुन्या महामार्गावर.

सायकलचं वेगळं चिन्ह दिसत नसेल तेव्हा काही जण पायी चालण्याचा पर्याय लावतात. आतल्या गल्ल्या शोधायला तो चांगला आहे. पण तो एकदिशा रस्ता मानत नाही आणि रेल्वेच्या पादचारी पुलाचे जिने खुशाल चढायला लावतो. त्यातून कल्पना घ्या, मार्ग घेऊ नका.

नकाशाला माहीत नसलेलं

काही गोष्टी कुठलंच साधन सांगणार नाही. विटाव्याला रेल्वेच्या पुलाखाली जोराच्या पावसात पाणी भरतं. नकाशावर तो बारा महिने मोकळा रस्ता आहे. जून ते सप्टेंबर आम्ही कोपरी-मुलुंडमार्गे ऐरोलीच्या खाडीपुलाचा दुसरा ट्रॅक तयार ठेवतो आणि निघायच्या आधी कळव्यात राहणाऱ्या कुणाला तरी फोन करतो. घोडबंदर रोडला मेट्रो 4 च्या कामाचे पत्रे आज इथे तर महिन्याने तिथे. येऊरच्या रस्त्याला वन विभागाची चौकी आहे, पुढचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे. नकाशावर पायवाट दिसली म्हणून सायकल आत घालायची नाही.

फाटकांचा त्रास मात्र कमी करता येतो. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईच्या सेक्टरांत काय, आतला रस्ता सोयीचा दिसतो आणि शेवटी लोखंडी गेट निघतं. उपग्रहाच्या चित्रात गेट झाडाखाली लपतं. 2022 मध्ये गुगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात परत आलं, त्यात पाहून घ्या, पण चित्र कधीचं आहे तो महिना-साल जरूर वाचा.

चढाईचे आकडे सपाट रस्त्यावरही का फुगतात, हा प्रश्न गटात नेहमी येतो. पुष्कळ साधनांच्या उंचीचा आधार म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाश यानातून अकरा दिवस घेतलेलं रडारचं मोजमाप. त्याचे चौकोन सुमारे 30 मीटरचे, आणि रडारला इमारतीची गच्ची, झाडाचा शेंडा आणि रस्ता यातला फरक नीट कळत नाही. त्यातून पाम बीचवर नसलेले चढ-उतार जमा होतात, आणि नंतर झालेले पूल त्यात मुळीच नसतात. त्यामुळे पूल टाळला की नाही हे उंचीच्या आलेखावरून ओळखायला जाऊ नका. दोन मार्गांची तुलना एकाच साधनात करायला मात्र तो आकडा उपयोगी आहे.

मुळातच चूक असेल तर

वरचं सगळं तपासूनही साधन चुकीच्या जागी नेत असेल, तर नकाशाच दुरुस्त करावा लागतो, आणि तो तुम्ही करू शकता. कोमूट, स्ट्राव्हा, ओएसएमअँड, ब्राउटर या सगळ्यांच्या मार्ग आखण्याचा पाया ओपनस्ट्रीटमॅप आहे. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे. खारेगावचं रेल्वे फाटक बंद होऊन उड्डाणपूल झाला, असे बदल त्यात कुणीतरी जाणत्या माणसाने बसून नोंदवावे लागतात. खातं उघडायला पाच मिनिटं लागतात. संपादन जमत नसेल तर नकाशावर नुसती टीप सोडा: ‘इथे गेट आहे, सायकल जाऊ देत नाहीत’. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप आहे, ते उभ्या जागी साधे प्रश्न विचारतं आणि तुमची उत्तरं नोंदवतं. एक पथ्य पाळा: गुगलच्या नकाशातून पाहून काही उतरवू नका, परवान्यात ते बसत नाही. स्वतः पाहिलेलंच लिहा.

घणसोलीत आमच्या वाटेवरच्या एका गेटाचं मी असंच केलं. रखवालदारांना विचारलं, "दादा, सायकलवाल्यांना कधी सोडता का?" ते म्हणाले, "सकाळी सातनंतर छोटं दार उघडं असतं ताई, उतरून चालत जा." त्या रस्त्यावर गेटचा बिंदू टाकला आणि त्याच्या ‘बायसिकल’ या खान्यात ‘डिसमाउंट’ भरलं, म्हणजे उतरून चालत जायचं. सात वाजताची गोष्ट टीपेत लिहिली.

नोंद केल्यावर ती ओपनस्ट्रीटमॅपच्या स्वतःच्या पानावर काही मिनिटांत दिसते, पण मार्ग आखणाऱ्या अ‍ॅपमध्ये उतरायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात. तेवढ्यात पुन्हा पुन्हा संपादन करत बसू नका. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवला असेल तर तो मुद्दाम नवीन उतरवा. ओएसएमअँडचे नकाशे महिन्यातून एकदा येतात. नवीन नकाशा आला की जुना ट्रॅक तसाच वापरू नका. एकदा नव्याने आखा, फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘टीआरकेपीटी’ पाहा आणि मगच गटात टाका.